'प्रार्थना करा' असं लिहिलंत, आता कामही सांगा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. वडील ७२ वर्षांचे. न्यूमोनिया झाला म्हणून पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये आणलंत, आयसीयूत आज बारावा दिवस, व्हेंटिलेटर अजून निघालेला नाही. डोळे उघडतात, पण ओळख देत नाहीत. गाव सातारा जिल्ह्यात, आईला शुगर, बहीण दुबईला, पुण्यात तुम्ही एकटे. आत्या म्हणते महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप करून घे, आणि एकाने त्याचे ५१ हजार सांगितलेत. तुम्ही स्वतः फारसे देवाधर्माचे नाही, तरी परवा रात्री न राहवून नातेवाइकांच्या, शाळेच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर 'बाबांसाठी प्रार्थना करा' असं टाकलंत. १४० जणांनी हात जोडले. हॉस्पिटलची पायरी मात्र एकही चढला नाही. आणि आता तुम्ही विचारताय, प्रार्थनेनं खरंच काही होतं का, आणि जप करून घेऊ का.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केलं. आयसीयूच्या दाराबाहेर बाकड्यावर बसलेली माणसं हाच माझा वॉर्ड. त्यामुळे तुमच्या वडिलांच्या फुप्फुसांचं काय होईल हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण बाहेर बसलेल्या माणसाचं बाराव्या दिवशी काय होतं, ते मला ठाऊक आहे.

तुम्ही विचारलंय जपाचं, पण तुम्हाला बोचतोय तो १४० मधला शून्य. त्याबद्दल आधी बोलते, कारण तो सुटला तर जपाचंही सुटेल.

आपल्याकडे मदत मागायला जीभ रेटत नाही. पैसे मागावेत तर लाचारी वाटते. 'आजची रात्र तू थांबशील का' म्हणावं तर समोरच्याला नोकरी आहे, मुलं आहेत. मग एकच मागणी उरते, जी मागताना मान खाली जात नाही. ती म्हणजे प्रार्थना. माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी जणांनी 'सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलंय' असं म्हटलं, आणि पुढचं वाक्य गिळलं. ते गिळलेलं वाक्य बहुतेक वेळा 'मला एकट्याला झेपत नाहीये' असं असतं. तुम्ही मागितली प्रार्थना आणि लोकांनी प्रार्थनाच दिली. हात जोडले आणि त्यांच्या बाजूने काम झालं. त्यात कोरडेपणा असेलच असं नाही. पलीकडून त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं तेही मी ऐकलंय: आयसीयूत आत तर सोडत नाहीत, मग जाऊन करायचं काय, उगाच गर्दी कशाला, त्याला बोलवत नसेल, फोन करावा तर नेमका डॉक्टर राउंडला असायचा. अशा विचारात माणूस चार दिवस घालवतो, आणि मग इतक्या उशिरा फोन करायची लाज वाटते म्हणून करतच नाही.

तेव्हा नाराज व्हा, तुमचा हक्क आहे. पण या १४० जणांना अजून निकालात काढू नका. त्यांना काम दिलेलं नाही एवढंच. त्याकडे वळण्याआधी तुम्ही थेट विचारलेल्या प्रश्नाचं थेट उत्तर देते.

प्रार्थनेनं काही होतं का, हे तपासायचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. सहा हॉस्पिटलांतले बायपासचे १८०२ रुग्ण घेतले आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटासाठी अनोळखी लोकांकडून प्रार्थना करवली, दुसऱ्यासाठी नाही, आणि दोघांनाही आपण कोणत्या गटात आहोत ते सांगितलं नाही. ऑपरेशननंतरची गुंतागुंत एका गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना झाली आणि त्यांना तसं सांगितलंही होतं. त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के निघाली. असं का, याचं पक्कं उत्तर नाही. संशोधकांनी एक शक्यता अशी मांडली, की 'माझ्यासाठी प्रार्थना मागवावी लागली, इतका मी गंभीर आहे का' या धसक्यानं असं झालं असावं.

हा अभ्यास अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा होता, सख्ख्या लेकराच्या नव्हे. त्यावरून देव आहे की नाही हे ठरत नाही, आणि ते ठरवायचा माझा वकूब नाही. पण कामापुरती एक गोष्ट त्यातून मी उचलली. प्रार्थना ही गोळीसारखी मोजून द्यायची चीज नाही. 'पाच हजार जप झाले, अजून फरक का नाही' असा हिशेब सुरू झाला की माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो. पैसे कमी पडले म्हणून बाबा गेले, ही समजूत घेऊन वर्षानुवर्षं जगणारी माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या वाट्याला ते यायला नको.

दुसरी बाजूही सांगते, कारण सुरुवातीच्या वर्षांत मी ती चुकवली होती. पक्षाघाताचा एक पेशंट होता. त्याची बायको रोज अंगारा आणि तीर्थाची बाटली घेऊन यायची. मी तेव्हा नवी, शिकल्याचा ताठा. सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, हे अंगारे-धुपारे बाहेर ठेवा, इथं औषधं चालू आहेत." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून बाटली पदराआड आली. चार दिवसांनी तिनं नर्सची पाठ फिरल्यावर चमचाभर तीर्थ नवऱ्याच्या तोंडात घातलं. त्याला गिळता येत नव्हतं. ठसका लागला, पाणी श्वासनलिकेत गेलं आणि पुढचे दहा दिवस छातीच्या इन्फेक्शनशी झुंजण्यात गेले. तो वाचला. पण चमचा तिनं दिला असला तरी लपवायला मी लावलं होतं. मी आदल्या आठवड्यात नीट बसून सांगितलं असतं, की मावशी, तोंडात थेंबही नको, पण कपाळाला लावा, तर तिनं ऐकलं असतं.

म्हणून आता तुमच्या आत्यांना हे सांगा, आणि समजुतीच्या सुरात सांगा. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या तोंडात तीर्थ, प्रसाद, गंगाजल, तुळशीचं पान, काहीही घालायचं नाही. अंगारा आणायचा तर कागदाच्या लहान पुडीत, आणि ड्युटीवरच्या सिस्टरला विचारून बोटाच्या टोकानं कपाळाला. ती फुंकर मारून उडवायची पद्धत तिथं नको, कारण शेजारी नळ्या आहेत आणि दुसरा पेशंटही आहे. गंडा किंवा दोरा मनगटावर बांधू नका. हाताला सूज येते, दोरा रुततो, सलाईन लावायला जागा मिळत नाही आणि शेवटी सिस्टर तो कात्रीनं कापते. मग घरात रडारड होते, की दोरा तुटला. त्यापेक्षा तो फोटोला बांधा किंवा उशीच्या अभ्र्याला. ताजी फुलं आयसीयूत चालत नाहीत. उदबत्ती आणि निरांजन तर अजिबात नको, तिथं ऑक्सिजन चालू असतो. पोथी चालते, पण बाहेर बसून.

जपाबद्दल माझं मत सरळ आहे. ५१ हजार देऊ नका. त्या माणसाला मी लबाड म्हणत नाही. तुम्हाला आज त्या पैशांची गरज त्याच्यापेक्षा जास्त आहे, इतकंच. जो 'एवढे द्या, मी उठवून दाखवतो' अशी हमी देईल, त्याच्याशी मात्र बोलणंच थांबवा. चमत्काराच्या नावाखाली लुबाडणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पण आत्यांना 'नाही' म्हणून गप्प बसवू नका. जपाचा हिशेब मांडून बघा. हा मंत्र एकदा नीट म्हणायला दहा सेकंद तरी लागतात. सव्वा लाख म्हणजे एका माणसाला न जेवता न झोपता चौदा दिवस. म्हणूनच तर तो पाच-अकरा जणांत वाटतात आणि दक्षिणेचा आकडा फुगतो. आता हेच दुसऱ्या अंगानं बघा. माळ १०८ मण्यांची. तुमच्या आत्या, काकू, गावातलं भजनी मंडळ, असे चाळीस जण रोज तीन-तीन माळा करतील तर दहा दिवसांत सव्वा लाख पुरा होतो, वर थोडे जास्तच. प्रत्येकाचं रोजचं काम तासाभराचं. दक्षिणा शून्य. वहीत नावं आणि माळा टिपायचं काम आत्यांकडे द्या. गावाकडच्या ज्या बाया पुण्याला येऊ शकत नाहीत आणि 'आपण काहीच करत नाही' म्हणून तळमळतायत, त्यांच्या हाताला काम लागेल. हे मी दोन-तीन घरांत होताना बघितलंय. त्यातल्या एका घरी पेशंट गेला. तरीही त्या बायका तेराव्यापर्यंत येत राहिल्या, कारण दहा दिवस त्या त्या घराच्या झाल्या होत्या.

जाता जाता नवसाचं. बोलायचा असेल तर तुम्ही फेडाल असा बोला. 'बाबा बरे झाले की अनवाणी गड चढतील' असा नवस एका आईनं बोलून ठेवला होता, आणि फुप्फुसं अर्धी झालेला तो माणूस घरी आल्यापासून पायऱ्यांच्याच धास्तीत होता. आम्ही डॉक्टरांकडून 'सहा महिने चढण बंद' असं लिहून घेतलं, तेव्हा सुटला बिचारा. देवाला कागद चालला.

घरात दुसऱ्या धर्माची माणसं असतील, मित्र असतील, तर त्यांनाही मोकळेपणानं सांगा. मुंबईत बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला कुंकू लावलेल्या बाया रांगेत असतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला लोक मेणाचे हात, पाय, काळीज वाहतात, आणि त्यात हिंदूही असतात. माहीमच्या दर्ग्यावरही तसंच. आजारपणात आपल्याकडे उंबरठे फारसे कोणी मोजत नाही.

आता मुख्य मुद्दा. दुसरा मेसेज लिहा, आणि त्यात काम लिहा. 'काही मदत लागली तर सांग' असं म्हणणाऱ्यांचं घोडं तिथंच अडलेलं असतं, की काय लागेल हे त्यांना सुचत नाही आणि तुम्हाला सांगवत नाही. काम जितकं लहान आणि नेमकं, तितके हात वर येतात. 'कोणी रात्री थांबेल का' याला उत्तर येत नाही. 'गुरुवारी रात्री दहा ते सकाळी सहा, तळमजल्यावरच्या वेटिंगमध्ये, काम फक्त आयसीयूतून नावाची हाक आली तर औषध आणून द्यायचं' याला येतं. मी लोकांना साधारण असा मजकूर लिहून देत असे, तुमच्यासाठी बदलून देते:

'बाबांची तब्येत अजून गंभीर पण स्थिर आहे. तुम्ही सगळे प्रार्थना करताय त्याचा आईला फार आधार आहे. आता थोडी कामाचीही मदत हवी. १. मंगळवार, गुरुवार, शनिवार रात्री दहा ते सहा वेटिंगमध्ये एकानं थांबायचं आहे. २. आईला दुपारचा डबा, बिनसाखरेचा, तिखट कमी. ३. गावाकडे रोज संध्याकाळी गोठ्यात एकदा डोकवायचं आहे. ४. विम्याचे आणि योजनेचे कागद समजणारं कोणी असेल तर अर्धा तास हवा. ज्याला जे जमेल त्याने आकडा टाका. रोज रात्री आठला मी इथंच तब्येत लिहीन, म्हणून कृपया फोन करू नका.'

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. बारा दिवसांत तुम्ही तीच हकिकत किती जणांना सांगितली असेल त्याची मोजदाद करून बघा. प्रत्येक फोनला पहिल्या दिवसापासून सुरुवात, आणि वर समोरच्याचा सल्ला, की आमच्या मेव्हण्याला असंच झालं होतं. रात्री आठचा एक मेसेज, चार ओळी, बास. तोही तुम्ही लिहायची गरज नाही. बहीण दुबईला आहे म्हणून तिला हातपाय बांधल्यासारखं होत असणार. हे काम तिला द्या. तुम्ही तिला फोनवर सांगा, ती सगळीकडे लिहील, आलेल्या आकड्यांचं वेळापत्रक तीच लावील. दूर राहणाऱ्या भावंडांना रोजचं एक ठरलेलं काम मिळालं, की 'दुसऱ्या हॉस्पिटलला हलवू या का' असे रात्री अकराचे फोन निम्म्यावर येतात. हा माझा अनुभव आहे, शास्त्र नव्हे.

एक पथ्य पाळा. नळ्या लावलेला बाबांचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. पैशांसाठी आवाहन करायचं ठरलं तरी जुना, घरातला फोटो टाका. तो माणूस उद्या उठून बसला तर त्याला स्वतःचं ते रूप शंभर मोबाइलांत नको आहे. शिवाय असे फोटो उचलून, खालचा खाते क्रमांक बदलून, तिसराच माणूस पैसे गोळा करतो.

पैशांचं तुम्ही एका ओळीत उरकलंय, 'बिल वाढतंय' एवढंच. ही ओळ मी ओळखते. त्यामुळे थोडं सविस्तर. किती मदत मिळेल हे हॉस्पिटल कोणत्या योजनेत आहे, आजार त्या यादीत बसतो का, आणि तुमचे कागद काय आहेत यावर ठरतं. पण विचारायच्या जागा ठरलेल्या आहेत. वडील ७२ वर्षांचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. आधार कार्डावर निघतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. या योजना फक्त त्यांच्या यादीतल्या हॉस्पिटलांत चालतात आणि कॅशलेस असतात, आधी बिल भरून मागाहून पैसे मागायची सोय धरून चालू नका. म्हणून उद्या सकाळीच हॉस्पिटलमधला आरोग्यमित्र, म्हणजे या योजनांचं काम बघणारा माणूस, शोधा. त्याचं टेबल बहुतेक ठिकाणी दर्शनी भागातच असतं.

तुम्ही ट्रस्टचं हॉस्पिटल म्हणालात, ते धर्मादाय म्हणून नोंदलेलं असेल तर दुसरा रस्ताही आहे. अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलातले २ टक्के बाजूला काढून वेगळा निधी ठेवावा लागतो. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. बिलिंगच्या खिडकीवर विचारून वेळ घालवू नका, तिथला क्लार्क 'आमच्याकडे नाही' म्हणून मोकळा होतो. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही उपचार चालू असतानाच करायचा असतो, त्याला हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. मेसेजमधलं चौथं काम हेच. तुमच्या १४० जणांत एखादा तलाठी, एखादा विमावाला, एखादी बँकेतली मैत्रीण नक्की निघेल.

आणि हे मागताना मान खाली घालू नका. गाडगेबाबांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. दादरच्या त्यांच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलला आलेल्या पेशंटांची बिऱ्हाडं असतात. झोपायला जागा आणि गरम भात मागणं हे आपल्याकडे देवाच्या दारीच मागण्यासारखं आहे.

आता एक अवघड गोष्ट. तुम्ही लिहिलंय की डॉक्टर परवा म्हणाले, 'आमच्या हातात होतं ते केलं, आता प्रार्थना करा.' या वाक्यानं तुम्ही हादरलात आणि त्याच रात्री ग्रुपवर लिहिलंत, असं मला दिसतं. आपल्याकडे डॉक्टर हे वाक्य तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. कधी अर्थ असतो, औषधं चालू आहेत, शरीर साथ देतं का ते बघायला दोन दिवस लागतील. कधी अर्थ असतो, मला अंदाज येत नाहीये. आणि कधी अर्थ असतो, हे आता सुधारणार नाही आणि मला तसं उघड बोलवत नाही. कोणता, हे तुम्ही विचारल्याशिवाय कळणार नाही. कॉरिडॉरमध्ये चालता चालता विचारू नका. सिस्टरला सांगून दहा मिनिटांची वेळ मागा, सोबत एका माणसाला न्या आणि त्याला लिहून घ्यायला सांगा. प्रश्न तीनच ठेवा. परवापेक्षा आज काय बदललं? येत्या दोन-तीन दिवसांत कोणता निर्णय घ्यावा लागेल? आणि काय दिसलं तर तुम्ही त्याला सुधारणा म्हणाल?

बारा दिवस झालेत म्हणजे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात गळ्याला छिद्र पाडून नळी घालायचा, ट्रेकिओस्टॉमीचा विषय निघेल, कदाचित निघालाही असेल. गावाकडची माणसं हे ऐकून खचतात, 'गळा कापला म्हणजे संपलं.' तसं नसतं. तोंडातली नळी फार दिवस ठेवणं सोसत नाही, गळ्यातल्या नळीनं गुंगीचं औषध कमी करता येतं आणि तोंडही साफ ठेवता येतं. पुढं गरज संपली की ती काढता येते. तुमच्या बाबांना ती करावी की नाही हे त्यांच्या एकूण प्रकृतीवर आहे आणि ते डॉक्टरच सांगतील.

उत्तर तिसऱ्या अर्थाचं निघालं तर घाबरून कोणत्याही कागदावर लगेच सही करू नका, आणि 'काहीही करा पण जिवंत ठेवा' असंही लगेच म्हणू नका. पॅलिएटिव्ह केअरची टीम आहे का विचारा. त्रास कमी करणं हाही उपचार आहे. ज्याचा उपयोग उरला नाही असा जीवनाधार काढून घ्यायची कायदेशीर वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली आणि २०२३ मध्ये ती सोपी केली. त्यात हॉस्पिटलच्या डॉक्टरांची दोन मंडळं आणि कुटुंबाची संमती लागते. हे आत्ताच करायचं म्हणून मी सांगत नाहीये. अर्धवट माहितीनं रात्री दोनला आईसमोर हा विषय निघू नये म्हणून सांगते.

तुमच्या आत्या ज्या मंत्राचा जप म्हणतायत, त्याचा अर्थ मला एका पेशंटच्या वडील भावानं सांगितला होता. ते निवृत्त शिक्षक, रोज संध्याकाळी आयसीयूबाहेर बसून जप करायचे. मी विचारलं, यात दीर्घायुष्यच मागितलंय ना? ते म्हणाले, "नाही हो, वाळूक मागितलंय." ऋग्वेदातल्या त्या ऋचेत उपमा आहे ती वेलीवरच्या पिकलेल्या काकडीची. पिकली की देठापासून आपसूक सुटते, ओढावी लागत नाही, तसा मला मृत्यूपासून सोडव. ते म्हणाले, "मी भावासाठी दोन्ही मागतो. राहायचं असेल तर राहू दे. सुटायचं असेल तर ओढाताण नको." त्यांचा भाऊ सतराव्या दिवशी गेला. तुमच्याबाबत काय होईल ठाऊक नाही. पण 'बरे होऊ दे' एवढीच एक प्रार्थना असते असं मानून बसलात, तर ती पुरी झाली नाही तेव्हा हातात काहीच उरत नाही.

तुम्ही स्वतः देवाला मानत नाही आणि 'मी काय करू' म्हणता. भेटीच्या वेळेत आत गेलात की बोला. फक्त 'सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतायत, धीर धरा' असं नको. तो अमेरिकेतला तिसरा गट आठवा. रोजचं बोला. बारामतीकडचा एक शेतकरी मुलगा होता, त्याला वडिलांशी काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, घरी असते तर काय सांगितलं असतंस? तो कानाशी वाकून म्हणाला, "दादा, कालवा सुटला. आपली पाळी बुधवारी आहे. खालच्या उसाला देऊ का आधी भुईमुगाला?" आणि उत्तराची वाट बघत थांबला. मॉनिटरवरचा आकडा हलला की नाही ते मी बघितलं नाही, मी त्या मुलाकडे बघत होते. दुसऱ्या दिवसापासून तो वेळेच्या आधीच दाराशी उभा असायचा.

तुमचे बाबा डोळे उघडतात पण ओळखत नाहीत, याची कारणं डॉक्टरांना विचारा. गुंगीच्या औषधाचा अंमल असेल, किंवा आयसीयूत म्हाताऱ्या माणसांना होतो तो भ्रम असेल. तिथं दिवस-रात्र सारखाच उजेड, अनोळखी चेहरे, मशीनचे आवाज. जवळ गेल्यावर आधी तुमचं नाव सांगा, मग आज वार कोणता, आपण कुठं आहोत ते सांगा. दरवेळी, नव्यानं. शक्य असेल तर समोर दिसेल असं घड्याळ लावायला सिस्टरला विनंती करा.

आणि ते घरी चष्मा लावतात का? कानाला मशीन आहे का? बारा दिवसांपूर्वी घाईत निघालात तेव्हा या दोन्ही वस्तू बहुतेक कपाटावरच राहिल्या असतील. उद्या गावाहून जो कोणी येणार असेल त्याला त्या घेऊन यायला सांगा, मशीनच्या नव्या सेलसकट.